वाचकांचे प्रश्न : वाड्यातले दुःख आणि वाड्याचा हिशेब

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकाचा मी ओझरता उल्लेख केला होता आणि घरातल्या मृत्यूवर इतक्या संयमाने लिहिलेले दुसरे मराठी नाटक मला माहीत नाही, असे म्हटले होते. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे पाहून या वेळचे सदर त्या एकाच नाटकासाठी ठेवले आहे. ज्यांनी ते पाहिले किंवा वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विदर्भातल्या धरणगावात देशपांड्यांचा जुना चिरेबंदी वाडा आहे. घरातले कर्ते पुरुष तात्याजी नुकतेच वारले आहेत. मागे त्यांची म्हातारी आई म्हणजे दादी, पत्नी म्हणजे आई, थोरला मुलगा भास्कर व त्याची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, त्यांची मुले पराग आणि रंजू, अविवाहित राहिलेली मुलगी प्रभा आणि घरातले सगळे कष्टाचे काम उपसणारा धाकटा चंदू एवढी माणसे उरली आहेत. मुंबईला नोकरी करणारा सुधीर आणि त्याची कोकणस्थ बायको अंजली दिवसकार्यासाठी आली आहेत. तेरवीपर्यंतच्या या दिवसांत वाड्यात जे बोलले जाते आणि जे बोलायचे टाळले जाते, त्याचे हे नाटक आहे.

प्रश्न (अकोला) : मी नाटक दोनदा वाचले. तात्याजींचा मृत्यू पडदा उघडण्यापूर्वीच होऊन गेलेला आहे, रंगमंचावर कोणी ऊर बडवून रडत नाही आणि बराचसा वेळ खर्च, जेवणावळ, दागिने आणि वाटणी यांच्याच गोष्टी चालतात. मग हे दुःखाचे नाटक म्हणून एवढे का नावाजले जाते? मला तर ती माणसे स्वार्थी वाटली.

तुम्ही टिपलेली गोष्ट अगदी बरोबर आहे, आणि माझ्या मते नाटकाचे मर्म तिच्यातच आहे. या घरातले दुःख पहिल्यापासून शेवटपर्यंत हिशेबाच्या भाषेत बोलते, कारण त्या माणसांना दुसरी भाषा शिकवलेलीच नाही. देशपांडे हे आज आपण नुसते आडनाव म्हणून वापरतो; पण मुळात ते वतन होते, परगण्याचा जमाखर्च आणि दप्तर सांभाळणाऱ्याचे. देशमुख अधिकार चालवी आणि देशपांडे वही लिही. इंग्रजी अमलात वऱ्हाडात रयतवारी जमाबंदी आली, म्हणजे सरकार शेतकऱ्याकडून थेट सारा घेऊ लागले, तेव्हा त्या कामाची गरज संपली. मान, जमीन आणि वाडा एवढे उरले. स्वातंत्र्यानंतर जमिनीलाही कायद्याने हात घातला. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गावाचा हिशेब लिहिला, त्याच घराण्यातल्या भावांनी वडिलांच्या तेरवीला किती पाने मांडायची आणि त्याचा पैसा कोणी द्यायचा यावर एकमेकांची तोंडे चुकवावीत, यापेक्षा मोठा शोक कोणता असू शकेल?

भास्करला गावजेवण रीतीप्रमाणे व्हायला हवे, कारण ते झाले नाही तर देशपांड्यांचे संपले हे गावाला कळेल. सुधीरला तो खर्च निरर्थक वाटतो, कारण तो मुंबईच्या दोन खोल्यांत पगारावर जगणारा माणूस आहे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे आणि दोघेही वडिलांविषयी बोलत नाहीत, खर्चाविषयी बोलतात. आपल्यापैकी कितीतरी घरांत असेच घडलेले असते. दहाव्याला किंवा तेरवीला जमलेल्या भावंडांत भांड्याकुंड्यांवरून शब्दाला शब्द लागतो, आणि त्या भांडणाच्या तळाशी ‘तो गेला तेव्हा तू इथे नव्हतास’ हे एकच न उच्चारलेले वाक्य असते. ती माणसे तुम्हाला स्वार्थी वाटली, याचे मला आश्चर्य वाटत नाही. पण एकदा पुन्हा वाचताना प्रत्येक रकमेच्या आणि प्रत्येक दागिन्याच्या उल्लेखापाशी थांबून, हे वाक्य बोलणाऱ्याला खरे काय विचारायचे आहे, एवढे मनाशी विचारून पाहा.

दादीकडेही लक्ष द्या. ती पुन्हा पुन्हा किती वाजले ते विचारत राहते, आणि हाक मारते ती आता नसलेल्या आपल्या मुलाला. या एका पुनरावृत्तीत नाटककाराने घरातल्या सगळ्या रडण्याची जागा भरून काढली आहे. तिला उत्तर द्यायला ज्याने यायचे तोच गेला आहे, आणि बाकीच्यांना ते ऐकत, आपली कामे करत राहावे लागते.

प्रश्न (पुणे, नाट्यशास्त्राचा विद्यार्थी) : हे नाटक रशियन नाटककार चेखॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’वरून बेतले आहे, असे आमच्या एका मित्राचे म्हणणे आहे. आपले मत काय?

बेतलेले नाही. एलकुंचवारांनी आयुष्यभर नागपुरात इंग्रजीचे अध्यापन केले, त्यामुळे चेखॉव्ह त्यांच्या वाचनात मुरलेला असणार हे उघड आहे, आणि बोलणे एका गोष्टीवर व मन दुसऱ्याच गोष्टीवर असण्याची ती रीत त्यांच्याकडे दिसते. पण दोन्ही नाटकांचा कणा वेगळा आहे. १९०४ साली मॉस्कोत रंगमंचावर आलेल्या त्या नाटकात बाग विकली जाते, आणि ती घेतो तो लोपाखिन, ज्याचे वाडवडील याच इस्टेटीवर भूदास होते. तिथे एक माणूस वर येतो, एक वर्ग घर सोडून निघून जातो आणि कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात. धरणगावात असा सुटकेचा क्षण नाही. रंगमंच सतत घरातल्या माणसांचाच राहतो, आणि वाडा त्यांच्या अंगावर तसाच उभा असतो. रशियातल्या त्या माणसांना घर गमावावे लागते. देशपांड्यांना ते सांभाळावे लागते, आणि मला ही शिक्षा अधिक कठीण वाटते.

आणखी एक. वाड्यासमोर गंजत पडलेला ट्रॅक्टर हे खास आपल्याकडचे चित्र आहे. आधुनिक शेती करू, या उमेदीने घेतलेले यंत्र दारात उभ्याउभ्या मोडीत निघते, आणि ते काढून टाकायलाही कोणी धजत नाही. विदर्भात फिरलेल्या माणसाला असा ट्रॅक्टर परदेशी नाटकातून आणावा लागत नाही.

प्रश्न (अमरावती) : माझे आजोबा दुसऱ्याच्या शेतावर कुळ म्हणून राबले. कूळकायद्याने आम्हाला जमीन मिळाली आणि म्हणून मी शिकलो. ज्यांच्या वाड्यात आमच्या माणसांना ओसरीच्या वर पाऊल टाकता येत नव्हते, त्या वाड्याच्या पडझडीवर मी का हळहळावे? हे नाटक जुन्या सरंजामीविषयी सहानुभूती मागते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आपण याचे सरळ उत्तर द्यावे.

सर्व पत्रांमध्ये मला हे पत्र सर्वांत मोलाचे वाटले, आणि सरळ उत्तर देण्याचा मी प्रयत्न करतो.

प्रथम इतिहास. मध्य प्रांतातली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या गावमालकांची पद्धत, १९५० च्या कायद्याने संपली आणि १९५१ पासून मालगुजारांचे गावांवरचे हक्क सरकारजमा झाले. विदर्भासाठी स्वतंत्र कूळकायदा १९५८ साली झाला, आणि १९६१ साली महाराष्ट्रात शेतजमिनीच्या धारणेवर कमाल मर्यादा आली. हे व्हायलाच हवे होते. त्याचा कोणाला शोक करायचा असेल तर तो शोक आपल्या आजोबांच्या पाठीवर उभा आहे, हे विसरून करता येणार नाही. माझे स्वतःचे आजोळ वर्धेकडच्या एका अशाच चौसोपी वाड्यात होते. तिथल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून मी जे लाड पुरवून घेतले त्याची किंमत कोणी चुकवली, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा आपला प्रश्न मी परक्याचा म्हणून वाचत नाही.

आता नाटकाविषयी. वाडा कोसळतो आहे म्हणून ते रडत नाही. वाड्याने आतल्या माणसांचे काय केले, ते दाखवते. प्रभाला शिकायचे होते आणि तिच्या अंगी ती कुवत होती. घराण्याच्या इभ्रतीपायी तिला शिकू दिले गेले नाही. आता ती त्या माजघरात वय वाढवत बसली आहे, तिची जीभ तिखट झाली आहे, आणि तिच्यावर अन्याय करणारा माणूस तर मरून गेला आहे. मेलेल्या बापाशी भांडायचे कसे आणि त्याच्यासाठी रडायचे तरी कसे? चंदू हा याच घरातला मुलगा, पण तो गड्यासारखा राबतो, आणि त्याचे राबणे सगळ्यांनी इतके गृहीत धरले आहे की, त्याच्याविषयी कोणी वेगळा विचार करत नाही. देशपांड्यांच्या पुरुषांनी हाताने काम करायचे नाही, हा ज्या घराचा दंडक, त्या घरात गडीमाणसे गेल्यावर तो दंडक मोडला गेला नाही; घरातल्याच एकाला गडी करण्यात आले. सरंजामीवर याहून कठोर भाष्य मला सुचत नाही.

वहिनीचा तो प्रवेशही आठवा. रात्री खोलीचे दार लावून भास्कर घराण्याचे दागिने बाहेर काढतो आणि वहिनी ते एकामागून एक अंगावर घालते. जन्मभर स्वयंपाकघरात राबलेली ती बाई त्या क्षणी देशपांड्यांची सून दिसते, पण पाहणारा एक नवरा, आणि तोही चोरून. ते सोने सगळ्या भावंडांचे आहे. बंद दाराआड त्याचा थाट मांडावा लागतो. पुढे घरातली तरुण मुलगी, रंजू, शिकवणी घेणाऱ्या मास्तराबरोबर पळून जाते, आणि जाताना तेच सोने घेऊन जाते. ज्या इभ्रतीसाठी आत्याला कोंडले त्या इभ्रतीची ही गत भाचीच्या पायांनी होते, हे नाटककाराने कोणाच्याही तोंडून बोलून दाखवलेले नाही.

आपल्या आक्षेपात एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. आपले आजोबा या नाटकात नाहीत. ज्यांनी ती जमीन कसली, ज्यांनी तो चिरा घडवला आणि वाहून आणला, त्यांचा आवाज रंगमंचावर येत नाही. आपण वाड्याच्या आत आहोत आणि दिंडीदरवाजाबाहेरचे गाव आपल्याला आतल्या माणसांच्या तोंडूनच कळते. ही या नाटकाची मर्यादा आहे; नाटककाराने ती जाणून घालून घेतली असली तरी मर्यादाच. आतल्या माणसाने आतले खरे सांगितले, एवढे मी त्याच्या बाजूने म्हणेन. बाहेरच्या बाजूचे, ओसरीपाशी थांबवलेल्यांचे, तीन पिढ्यांचे नाटक विदर्भाच्या मातीतून त्याच तोलाचे यायला हवे, आणि ते लिहिण्याचा अधिकार माझ्यापेक्षा आपल्याला अधिक आहे.

आपण हळहळावे असे मी म्हणणार नाही. प्रभा आणि चंदू यांना मात्र वाड्याच्या मालकांत धरू नये, एवढी विनंती करतो. त्यांच्या नावावर तिथला एक चिराही नव्हता.

प्रश्न (ठाणे) : या नाटकाचे पुढचे दोन भाग आहेत असे ऐकले. ते वाचणे आवश्यक आहे काय? पहिला भाग स्वतंत्रपणे पुरा वाटतो.

पहिला भाग पुरा आहेच. विजया मेहता यांनी १९८५ साली ‘कलावैभव’साठी तो रंगमंचावर आणला तेव्हा पुढचे भाग नव्हते, आणि कोणाला काही अपुरे वाटले नाही. पुढे त्यांनीच त्यावरून ‘हवेली बुलंद थी’ हा हिंदी दूरचित्रपटही केला. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ हे भाग नंतर आले, आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’तर्फे तिन्ही नाटकांचा सलग, सुमारे नऊ तासांचा प्रयोग केला. एलकुंचवारांना २००२ चा सरस्वती सन्मान मिळाला तो ‘युगान्त’साठी.

तरीही ते वाचावेत असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण पिढ्यांशी निगडित आहे. पहिल्या भागात पराग हे बिघडत चाललेले पोर आहे आणि आपण त्याच्याकडे फारसे पाहत नाही. दुसऱ्या भागात दहा वर्षे उलटलेली असतात, आणि परागचे व सुधीरचा मुलगा अभय याचे नाते नाटकाच्या मध्यभागी येते. जे बापांना एकमेकांशी बोलता आले नाही ते मुलगे तळ्याकाठी बसून बोलू पाहतात. तिसऱ्या भागात दुष्काळाने गाव ओसाड झालेले आहे आणि परदेशी गेलेला अभय परत येतो. तिथे हिशेबाची भाषा संपते, कारण हिशेब करावा असे काही उरलेलेच नसते, आणि नाटक चिंतनाच्या वाटेने जाते. काही जाणकारांना हा भाग बोलघेवडा वाटतो. मलाही पहिल्या वाचनात तसे वाटले होते; पण पहिल्या भागातल्या मुक्या माणसांच्या पाठोपाठ तो वाचला, की दोन पिढ्यांचे तुंबलेले बोलणे एकदम फुटल्यासारखे ते वाटते. मधला भाग गाळून तिसरा मात्र वाचू नका.

प्रश्न (भंडारा, हौशी नाट्यसंस्थेचे कार्यकर्ते) : आम्ही लेखकाची रीतसर परवानगी घेऊन पहिला भाग स्पर्धेत करण्याच्या विचारात आहोत. दोन अडचणी आहेत. नेपथ्याचा खर्च झेपत नाही, आणि दादीच्या कामासाठी वयस्क कलावती मिळत नाही. दादी गाळली तर चालेल काय? बोलीविषयीही मार्गदर्शन हवे.

दादी गाळू नका. तिचे संवाद मोजके आहेत म्हणून ती काढता येण्याजोगी वाटते. पण ती काढली तर वाड्यातला काळच थांबतो. कलावती मिळत नसेल तर तिला अंधाऱ्या कोपऱ्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून बसवा आणि आवाजावर काम करा. तिची हाक ऐन बोलण्यात आडवी यायला हवी, आणि इतरांनी त्या हाकेने दचकू नये. सवयीच्या आवाजाने कोणी दचकत नाही.

नेपथ्याची चिंता करू नका. एक जाड खांब, एक उंबरठा, एक पितळी दिवा आणि देवघराकडे जाण्याची दिशा एवढे पक्के असले म्हणजे वाडा उभा राहतो. खर्च करायचाच असेल तर उंबरठ्यावर करा, तो खरोखरच उंच हवा. प्रत्येक बाईला प्रत्येक वेळी पाय उचलून आत यावे लागले, की तिच्या चालण्यातून त्या घराचे वय प्रेक्षकाला कळेल. ट्रॅक्टर दाखवण्याच्या फंदात पडू नका. तो बाहेर आहे हे पात्रांच्या नजरेवरून समजू द्या.

बोलीच्या बाबतीत हौशी प्रयोगांची सर्वांत मोठी चूक होते. वऱ्हाडी म्हटले की, आपल्याकडचे नट हेल काढून हशा मिळवू पाहतात. इथे तो हशा नको. ही शिकलेल्या, जुन्या ब्राह्मण घरातली वऱ्हाडी वळणाची बोली आहे. ‘येऊन राहिला’, ‘करून राहिली’ अशी क्रियापदे तिच्यात सहज येतात, पण तिचा सूर खालचा आणि जपून बोलण्याचा आहे. आपण भंडाऱ्याचे आहात, आपली बोली झाडीकडची; तेव्हा आपल्या नटांनी अकोला-यवतमाळकडच्या एखाद्या घरात दोन दिवस बसून नुसते ऐकावे. अंजलीचे बोलणे मुंबईचे राहू द्या, पण ते तोऱ्याचे करू नका. तीही या घरात परकी पडलेली एक सून आहे, आणि तिच्या नवऱ्याच्या मनात हे घर किती खोलवर रुतले आहे हे तिला इथे आल्यावरच दिसते.

तालमीची एक युक्ती सांगतो, ती माझ्या उपयोगी पडली आहे. पहिले आठ दिवस कोणालाही भावनेविषयी बोलू देऊ नका. प्रत्येक नटाला एक काम द्या. एकाने तांदूळ निवडावेत, एकाने दिव्याची वात सारखी करावी, एकाने धोतराची घडी घालावी. हातातले काम न थांबवता संवाद म्हणायला लावा. ज्या वाक्याला हात आपोआप थांबतो, ते वाक्य त्या पात्राचे दुःख आहे. ते वहीत लिहून ठेवा, आणि प्रयोगात तिथे एवढेच करा की हात थांबावा.

प्रश्न (सध्या न्यू जर्सी, मूळ गाव वाशीम जिल्ह्यात) : गेल्या वर्षी आमचा गावचा वाडा विकला. व्यवहार आम्ही भावंडांनी फोनवरून उरकला. माझी ब्याऐंशी वर्षांची आई माझ्याकडे आहे. ती त्याविषयी एक शब्द बोलत नाही. आपला गेल्या वेळचा उल्लेख वाचून मी पुस्तक मागवले. ते तिला वाचून दाखवावे की तिला अधिक त्रास होईल?

त्रास तिला होतोच आहे; आपल्याला तो दिसत नाही, इतकेच. वाचून दाखवा, पण सुरुवातीपासून नको. तात्याजींच्या मृत्यूनंतरचे ते पहिले प्रवेश तिला जड जातील, आणि वाटणीची बोलणी ऐकताना आपण तिला काही सुचवत आहात असा तिचा समज होईल. वहिनी दागिने घालते त्या प्रवेशापासून आरंभ करा. आपल्या पिढीतल्या बायकांना त्यात नटण्याची हौस दिसते. त्यांच्या पिढीला त्यातले वजन माहीत असते, कोणता दागिना कोणाचा, कोणी मोडला, कोणत्या लग्नात कोणाच्या गळ्यात गेला. वाचताना ती मध्येच तोडून आपल्या घरातल्या एखाद्या पाटलीविषयी किंवा पुतळ्यांच्या माळेविषयी बोलू लागली, तर पुस्तक मिटून बाजूला ठेवा आणि ऐका. जमल्यास ती सांगेल ते, नावे आणि तपशिलासकट, वहीत उतरवून घ्या. ती काहीच बोलली नाही, तर दुसऱ्या दिवशी दादीचा भाग वाचा, आणि वाचताना घड्याळाकडे पाहू नका.